चूल, पेव आणि टाके : प्रस्तावना

घरचा स्वयंपाक, त्यामागचे विज्ञान आणि ऐतिहासिक स्थळांचे दर्शन या तीन गोष्टींची मराठी घरात पूर्वापार वाटणी होऊन गेलेली आहे. स्वयंपाक बायकांचा, विज्ञान शाळेचे आणि गडकिल्ले सुटीतल्या सहलीचे असे मानले गेल्यामुळे एकाच व्यक्तीला या तिन्हींत गती असली तरी एकीकडचे ज्ञान दुसरीकडे वापरावे हे तिला सहसा सुचत नाही. डाळ केव्हा मऊ शिजेल आणि केव्हा गोटा राहील हे जिला वर्षानुवर्षांच्या अनुभवाने कळते, ती गृहिणी पन्हाळ्याच्या अंबारखान्यात उभी राहिली की मात्र वाटाड्याच्या तोंडाकडे पाहते. वास्तविक तिथे काय साठवले जात असे आणि ते किडू नये म्हणून काय काय करावे लागले असेल, याची कल्पना वाटाड्यापेक्षा तिलाच अधिक नेमकी करता येईल. स्वयंपाकघरातले हे अनुभवाचे ज्ञान, त्याची कारणे सांगणारे रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र आणि अन्नपाण्याच्या खुणा जपणाऱ्या जुन्या जागा ही तिन्ही एकत्र ठेवून पाहिली तर काय दिसते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

इतिहासाच्या लोकप्रिय वाचनात तलवार, तह आणि सिंहासन यांना पहिली पंगत मिळते आणि कोठाराला शेवटची. हा क्रम फारसा समर्थनीय नाही, कारण वेढ्यात सापडलेल्या गडाचे आयुष्य तटाच्या उंचीइतकेच आत शिल्लक राहिलेल्या धान्यावर आणि पाण्यावर ठरत असे. जुन्या कारभाऱ्यांना याची पुरेपूर जाणीव होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतिपर ग्रंथात दुर्गांविषयीचे जे प्रकरण आहे, त्यात गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, पाणी नसूनही जागा सोडण्याजोगी नसेल तर खडक फोडून टाकी करावीत आणि एकाच झऱ्यावर विसंबून न राहता साठ्याचे पाणी राखून ठेवावे, अशा आशयाच्या सूचना आहेत. सह्याद्रीतल्या अनेक गडांवर काळ्या पाषाणात खोदलेली अशी टाकी आजही दिसतात. त्यांपैकी काही आतून खांब ठेवून डोंगराच्या पोटात नेलेली असतात आणि त्यांना खांबटाके म्हणतात. खडकाच्या छताखाली ऊन पोहोचत नसल्यामुळे पाण्याची वाफ कमी होते आणि शेवाळही फारसे धरत नाही. घरातला माठ सावलीत आणि झाकून ठेवण्याची रीत याच कारणाची आहे.

पाण्यापासून सुरुवात केली, तर पुढचा प्रश्न ते पाणी चुलीवर ठेवल्यावर काय होते हा. नाशिक जिल्ह्यातील बागलाण भागातला साल्हेर हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे १५६७ मीटर उंचीवर आहे आणि १६७२ मध्ये त्याच्या परिसरात मराठे आणि मोगल यांची मोठी लढाई झाली, एवढे बहुतेक माहितीपुस्तकांत असते. त्या उंचीवर पाणी किती अंशांना उकळते हे मात्र कोणी लिहीत नाही. पाण्याचा उत्कलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला पाणी उकळू लागते तो बिंदू, वरून पडणाऱ्या हवेच्या दाबावर अवलंबून असतो. उंच जावे तसा दाब कमी होतो आणि साधारणपणे दर तीनशे मीटरला हा बिंदू एक अंश सेल्सिअसने खाली येतो. या हिशेबाने साल्हेरच्या माथ्यावर पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते, आणि खाली कितीही जाळ लावला तरी उघड्या पातेल्यातल्या पाण्याचे तापमान त्याच्या वर चढत नाही.

पाच अंशांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. तुरीच्या डाळीला तो चांगलाच जाणवतो. डाळ शिजणे म्हणजे तिच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे पेक्टिन नावाचे द्रव्य विरघळून पेशी सुट्या होणे आणि आतला स्टार्च पाणी पिऊन फुगणे. यातला स्टार्च फुगण्याचा भाग ७० अंशांच्या आसपास बराचसा उरकतो, पण पेक्टिन सुटण्याचा वेग तापमान थोडे उतरले तरी झपाट्याने मंदावतो, आणि त्यामुळे घरी तासाभरात मऊ होणारी डाळ गडावर सरपणाचा भारा संपला तरी कणीदार राहते. बंद झाकणाखाली वाफ कोंडून दाब वाढवणारे भांडे देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये तयार केले. आजच्या कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या जवळ जाते ते त्याच तत्त्वाने. साल्हेरची लढाई आणि पापँचे भांडे यांच्यामध्ये अवघ्या सात वर्षांचे अंतर आहे. अर्थात गडावरच्या शिबंदीला, म्हणजे तिथे नेमलेल्या फौजेला, त्याचा काही उपयोग नव्हता.

डाळीच्या बाबतीत पाण्याचा गुणही मोजावा लागतो. ज्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात त्याला बोलीत जड पाणी म्हणतात. यातले कॅल्शियम पेक्टिनला घट्ट बांधून ठेवते, म्हणून पठारावरच्या काही खोल विहिरींच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि चिमूटभर सोडा टाकावा लागतो. टाक्यात साठलेले पावसाचे पाणी त्यामानाने हलके असते, त्यामुळे उंचीने जे बिघडते त्यातले थोडे हे पाणी सावरून घेते. आंबटाचाही परिणाम असाच आहे. चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यानंतरच घालायचे, आधी घातले तर डाळ दडदडीत राहते, हा नियम प्रत्येक सासूने सुनेला सांगितलेला असतो. आम्लामुळे पेक्टिन लवकर सुटत नाही, हे त्याचे कारण दोघींपैकी कोणालाही माहीत नसले तरी आमटी बिघडत नाही.

आता पिठल्याकडे पाहावे. हरभऱ्याची डाळ जात्यात दळली गेली की तिच्या पेशींच्या भिंती दगडांनीच फोडलेल्या असतात, त्यामुळे पेक्टिन सुटण्याची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. फोडणीच्या उकळत्या पाण्यात बेसन सोडून गुठळ्या मोडत हलवले की स्टार्च फुगतो आणि काही मिनिटांत पातेल्यात गदगदणारे पिठले तयार होते. भाकरीचेही तसेच. ज्वारी-बाजरीत ग्लूटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला ताण देणारे चिवट प्रथिन, नसते. म्हणून ती लाटता येत नाही आणि पिठाला आधणाचे पाणी घालून काठवटीत चांगले मळावे लागते, त्या उष्णतेने पिठातला थोडा स्टार्च चिकट होतो आणि ग्लूटेनची उणीव काही अंशी भरून निघते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, म्हणजे चिकटपणा जातो आणि थापताना कडा चिरतात. तव्यावर टाकलेल्या भाकरीच्या वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा तो कोरडे पीठ तडकू नये म्हणून, आणि शेवटी निखाऱ्यावर ती फुगते ती दोन पापुद्र्यांत कोंडलेल्या वाफेने. सिंहगडावर पर्यटक जे पिठले-भाकरी मावळ्यांचे जेवण समजून मोठ्या भक्तिभावाने खातात, त्यामागे भक्तीखेरीज सरपणाचा आणि उत्कलनबिंदूचा हिशेबही आहे. जुन्या काळी गडावर रोज पिठलेच शिजत असे, असा निष्कर्ष मात्र यावरून काढू नये. उंचावर आणि थोड्या जळणात काय सोपे पडते, एवढेच भौतिकशास्त्र सांगते.

साठवणीचा विषय याहून अधिक समृद्ध आहे. एखाद्या गोष्टीचे पेव फुटले असे मराठीत सर्रास म्हटले जाते, पण पेव म्हणजे काय हे शहरी वाचकाला आता सांगावे लागते. धान्य किंवा हळद साठवण्यासाठी जमिनीत खोदलेला, तोंडाशी अरुंद आणि आत पोट सुटलेला खड्डा म्हणजे पेव; तो फुटला की आतला माल एकदम बाहेर येतो, आणि वाक्प्रचार तिथून आलेला आहे. सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरच्या हरिपूर गावात हळदीची अशी पेवे मोठ्या संख्येने होती. तिथल्या मातीला पाझर कमी, म्हणून हळद आत वर्षानुवर्षे राहत असे. पेवात माल भरून तोंड मातीने लिंपले की आतला दाणा आणि त्यातली कीड दोन्ही श्वसन करीत राहतात, त्यात कोंडलेला प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि अखेर कीड गुदमरून मरते. ज्या हवेत कीड जगत नाही तिच्यात माणूसही जगत नाही, म्हणून पेव उघडल्यावर लगेच आत न उतरता ते बराच वेळ मोकळे ठेवावे लागते. तोंड लिंपून साठवण्याच्या या रीतीला विज्ञानाच्या भाषेत हवाबंद साठवण म्हणतात. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत कृष्णेचे पाणी या पेवांत शिरले आणि त्यांची मोठी हानी झाली. पाझर न होणारी माती वरून आलेल्या पुरापुढे निरुपयोगी ठरली.

ही युक्ती किती जुनी आहे ते पाहायचे तर पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील इनामगावचा दाखला घ्यावा लागतो. घोड नदीच्या काठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे, म्हणजे तांबे आणि दगड या दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या लोकांच्या वस्तीचे, उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत केले. इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळात इथे शेतकरी राहत होते आणि त्यांचे मुख्य धान्य सातू, म्हणजे जव, हे होते. घरांच्या आवारात धान्यासाठी चुन्याने लिंपलेले खड्डे सापडले, तसेच कणग्या ठेवण्यासाठी केलेले मातीचे गोल ओटेही सापडले. बांबूच्या विणीला शेणमातीने लिंपून केलेली कणगी ज्या घरात आजही उभी आहे, त्या घरातल्या माणसाला या ओट्यांचा अर्थ सांगावा लागत नाही; ओल आणि उंदीर खालून येतात, म्हणून कणगी उंचावर ठेवायची हे त्याला ठाऊकच असते.

इनामगावच्या लोकांनी काय खाल्ले हे समजले ते मुख्यतः त्यांच्या हातून जे करपले त्यामुळे. साधा दाणा मातीत कुजून जातो. अर्धवट जळून कोळसा झालेला दाणा जिवाणूंच्या कामाचा राहत नाही आणि हजारो वर्षे टिकतो. असे दाणे मिळवण्यासाठी पुरातत्त्वज्ञ उत्खननातली माती पाण्यात ढवळतात, तेव्हा जड माती तळाशी बसते आणि हलका कोळसा वर तरंगतो. तांदूळ धुताना फोल वर येते आणि ते हाताने अलगद ओतून टाकले जाते, तीच ही क्रिया; फरक इतकाच की पुरातत्त्वज्ञ वरचे ठेवतो आणि खालचे टाकतो.

पन्हाळ्यावरचा अंबारखाना म्हणजे याच कणगीचे राजकीय रूप. गंगा, यमुना आणि सरस्वती या नावांच्या तीन इमारतींपैकी गंगा कोठी सर्वांत मोठी असून तिच्या कमानदार दालनांच्या छताला धान्य वरून ओतण्यासाठी भोके ठेवलेली आहेत, आणि जाड दगडी भिंतींमुळे आतले तापमान दिवसरात्रीत फारसे बदलत नाही. तिची क्षमता २५,००० खंडी होती असे परंपरेने सांगितले जाते. हा आकडा किलोत मांडण्याची घाई मात्र करू नये. खंडी म्हणजे वीस मण हे खरे, पण मणाचे आणि शेराचे माप प्रांतोप्रांती वेगळे होते, आणि मापन सुरू करण्यापूर्वी माप कोणते हे ठरवणे हा विज्ञानाचा पहिला पाठ आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरने या गडाला वेढा घातला तेव्हा शिवाजी महाराज आत अडकलेले होते आणि वेढा महिनोन्महिने चालला. पावनखिंडीचा पराक्रम सर्वांना पाठ आहे. त्या महिन्यांत आतल्या माणसांना आणि जनावरांना कोठारांनी जगवले, याकडे लक्ष वेधावे लागते.

कोठारातले धान्य टिकायचे तर त्यातला ओलावा बारा टक्क्यांच्या आसपास उतरवावा लागतो. घराघरांत वैशाखात धान्याला ऊन दाखवतात ते यासाठीच. कडधान्याला राख फासली की तिचे बारीक कण किडीच्या अंगावरचे मेणासारखे आवरण खरवडतात आणि कीड सुकून मरते. तुरीला एरंडेल चोळले की किडीच्या अंड्यांची श्वासाची वाट बुजते. या रीती परीक्षेत उतरलेल्या आहेत. त्या जुन्या आहेत म्हणून खऱ्या मानण्याची गरज नाही, आणि जुन्या आहेत म्हणून टाकून देण्याचीही.

लिखित साधनांची मदत या विषयात होते, पण मर्यादित. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचे प्रकरण आहे आणि त्यात मंडक, म्हणजेच मांडे, येतात. मनात मांडे खाणारा मराठी माणूस ते प्रत्यक्ष होताना क्वचितच पाहतो. खानदेशात चुलीवर उलटे घातलेल्या मातीच्या भांड्याला, खापराला, जाळ लागलेला असतो. गव्हाच्या वस्त्रगाळ सपिटाची कणीक मळून, तेलपाण्याने तिंबून लोण्यासारखी केलेली असते. तिच्यात पुरण भरून मांडे करणारी बाई दोन्ही हातांच्या कोपरापर्यंत मांडा झेलत झेलत वाढवीत नेते आणि अलगद खापरावर पसरते. कणीक फाटत नाही याचे श्रेय त्याच ग्लूटेनचे, जे भाकरीत नसते. तिंबण्याने त्याचे धागे जुळतात आणि मुरू दिल्याने सैलावतात. राजाने असे पक्वान्न लिहून ठेवले, त्याच्या राज्यात रोज थापली जाणारी भाकरी लिहिण्याजोगी वाटली नाही. ही तक्रार पुढच्या ग्रंथांबद्दलही करता येते. मराठीत पाकशास्त्राची छापील पुस्तके एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येऊ लागली, आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० मध्ये आले, तेव्हा कुठे स्वयंपाक करणारा हात आणि लिहिणारा हात एक झाला.

जुने म्हणून जे समोर येते ते किती जुने, हेही तपासावे लागते. उपासाचे ताट हे त्याचे नामी उदाहरण. साबुदाण्याचा कंद, बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची आणि राजगिरा या सर्वांचे मूळ अमेरिका खंडात आहे; यांतली मिरचीसारखी पिके सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याच्या वाटेने आली, आणि बटाटा हा शब्दही पोर्तुगीजच आहे. त्या ताटात इथली म्हणावी अशी वरी तेवढी उरते. ‘मानसोल्लासा’च्या स्वयंपाकघरात तिखटपणा मिरी आणि आले यांच्यावर भागत होता. एकादशी दुप्पट खाणाऱ्याने हे जाणून खाल्ले तरी पुण्य कमी होण्याचे कारण नाही.

याच्या उलट दिशेचा एक दोषही सांगितला पाहिजे. पूर्वजांना सगळे विज्ञान ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह या विषयात फार होतो. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यात काही रोगजंतू मरतात हे प्रयोगांनी दाखवले आहे. पण त्याच तांब्यात ताक ठेवले की ते कळकते, म्हणजे आम्लाने धातू विरघळून त्याला हिरवट, कडवट, मळमळ आणणारी चव येते. म्हणून तर कल्हई आली. भांडे तापवून, नवसागराने पृष्ठभाग स्वच्छ करून, त्यावर २३२ अंशांना वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने फिरवायचे, हे काम पुण्याच्या तांबट आळीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्या कारागिराला धातूंचे रसायनशास्त्र शिकवलेले नव्हते. कळकलेले ताक कोणी पुन्हा पीत नाही एवढे माहीत होते, आणि तेवढ्यावर त्याने योग्य उत्तर काढले. त्याच्या या कामाचे मोल करायला त्याला रसायनशास्त्रज्ञ ठरवण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक गडाच्या चुन्यात गूळ आणि उडीद घातले होते, हे विधानही असेच सावधपणे घ्यावे. असे पदार्थ चुन्यात मिसळण्याची रीत होती हे खरे, परंतु अमुक भिंतीत ते आहेत की नाहीत हे त्या भिंतीचा नमुना तपासूनच ठरते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातील बारा दुर्गांचा जागतिक वारसायादीत समावेश केला, त्यांत साल्हेर आणि पन्हाळा दोन्ही आहेत, आणि साहजिकच तिथे जाणाऱ्यांची संख्या वाढणार आहे. केंद्राच्या संरक्षणाखालील स्मारकांत परवानगीवाचून अन्न शिजवायला १९५९ च्या नियमांनी मनाई आहे. ज्या गडांना तो नियम लागू नाही तिथेही जुन्या फरसावर पेटवलेली चूल दगड तडकवते आणि नव्या राखेने जुनी राख पुसली जाते, जिच्यात कदाचित एखादा करपलेला दाणा असेल. तेव्हा वाचकांना एवढीच विनंती आहे की गडावर जाताना भाकरी घरूनच बांधून न्यावी, टाक्यात हात किंवा भांडे न बुचकळता पाणी वर काढून घ्यावे, आणि खरकटी भांडी टाक्यापासून लांब नेऊन घासावीत.